सोफा भिंतीला, मग स्पीकर कुठे?

घरात एक बेडरूम रिकामी झाली की माणसाला काहीतरी सुचतंच. कुणी तिथे योगा करतं, कुणी कपडे वाळत घालतं, मी म्हटलं होम थिएटर करू. दहा बाय बाराची खोली, आणि बजेट असं की घरी सांगताना आकडा थोडा कमी करून सांगावा लागेल.

पुण्यात असल्या कामाला तापकीर गल्लीत चक्कर मारायचीच असते. तिथे पहिला प्रश्न, फाईव्ह पॉईंट वन की सेव्हन पॉईंट वन, म्हणजे स्पीकर पाच की सात, आणि वर घुमणाऱ्या बासचा एक सबवूफर? आणि लगेच उत्तरही, साहेब घेताय तर मोठंच घ्या, परत परत थोडंच घेणं होतं! आता सेव्हनमधले ते जास्तीचे दोन स्पीकर लागतात सोफ्याच्या मागे, आणि आपल्याकडे सोफ्याला मागे काही नसतंच, भिंत असते. सोफा पुढे ओढावा तर टीव्ही नाकाला लागतो, नाही ओढला तर मागचा स्पीकर थेट टाळूवर बोलणार. म्हणजे दोन स्पीकरचे पैसे वाचले, चला.

फाईव्ह पॉईंट वनमधले सराउंड, म्हणजे बाजूचे दोन स्पीकर, बसणाऱ्याच्या दोन्ही बाजूंना, थोडेसे मागे, समोरचा टीव्ही शून्य धरून 110 ते 120 अंशांत आणि कानाच्या उंचीला किंवा जरा वर लावा म्हणतात. आमच्याकडे सोफा भिंतीला असल्यामुळे ‘थोडेसे मागे’ बाद, उरलं नव्वद अंश, आणि तिथे डावीकडे खिडकी, उजवीकडे दार. दार उघडलं की स्पीकरला धडकणार. कोनमापक घेऊन घर बांधलंय कुणी? शेवटी दाराच्या वर चढवायचा आणि तोंड खाली वळवायचं, एवढंच हातात राहतं.

डॉल्बी अ‍ॅटमॉसचाही, म्हणजे डोक्यावरूनही आवाज आणणाऱ्या तंत्राचा, मोह होतोच. 2012 साली ते थिएटरमध्ये आलं, आता घरातही मिळतं, छतातून पाऊस पडल्याचा भास वगैरे. काही स्पीकर आवाज वर फेकतात आणि तो छतावर आपटून खाली येतो. आमच्या छताला पंखा आहे आणि तो एप्रिलमध्ये पाचवर असतो. पाऊस कसला ऐकू येतोय!

खरी गंमत सेंटर स्पीकरची आहे. टीव्हीखाली आडवा पडलेला तो डबा कुणी हौसेने दाखवत नाही, पण सिनेमातले बहुतेक संवाद त्याच्यातूनच येतात. तो स्वस्तातला असला की मग तेच, हिरोईन कुजबुजली की आवाज वाढवा, बाँब फुटला की धावत जाऊन कमी करा, आणि आतल्या खोलीतून आई ओरडणार ते वेगळंच. शिवाय आपण घरी बघतो काय तर बातम्या आणि जुने मराठी सिनेमे. ते सिनेमे मुळात मोनो, म्हणजे सगळा आवाज एकाच ट्रॅकवर, त्यांचा आवाज मागून आणणार तरी कुठून? म्हणून माझं मत पक्कं आहे, बजेट कमी पडलं तर सराउंड साधे घ्या, सेंटरला हात आखडू नका.

वॉटच्या आकड्यांनी तर मी आता हुरळत नाहीच. एकेकाळी खोक्यांवर पीएमपीओ, म्हणजे क्षणभराची कमाल ताकद, लिहून हजारो वॉट छापलेले असायचे आणि घरातला मीटर मात्र शांत! आरएमएस, म्हणजे सतत मिळणारी ताकद, किती ते विचारायचं. आणि पन्नासचे शंभर वॉट केले तरी फरक पडतो तो फक्त 3 डेसिबलचा, त्यात शेजारी उठत नाही.

शेजारी उठतो तो सबवूफरने. साधारण 80 हर्ट्झच्या खालचा आवाज नेमका कुठून येतोय ते कानाला नीट कळत नाही, म्हणून सब कुठेही ठेवता येतो, पण कोपऱ्यात ठेवला की बास फुगतो. त्यावर एक मजेशीर उपाय आहे, सब उचलून सोफ्यावर ठेवायचा, बासवालं गाणं लावायचं आणि आपण रांगत खोलीभर फिरायचं, जिथे बास स्वच्छ ऐकू येईल तिथे सब. हे दुपारी कुणी घरी नसताना करावं. बाकी स्लॅबमधून खालच्यांकडे जे जातं त्याला कुठलंच सेटिंग नाही, रात्री दहानंतर सबचं बटण बंद.

सध्या अडलंय ते वायरींवर. फरशी फोडायची नाही, भिंतीवर पट्टी दिसायला नको आणि दारातून वायर जाता कामा नये, या तीन अटी घरातून आल्यात आणि तिन्ही एकाच व्यक्तीच्या आहेत.