सहात एखादं चुकायलाच हवं

‘डोक्याला रोज थोडं खाद्य द्या’ असं म्हणून डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. कोणतं खाद्य, किती, कसं, हे माझं मलाच शोधावं लागलं. त्याची ही हकीकत.

मी बासष्ट वर्षांची, विमा कार्यालयातून निवृत्त. राहायला ठाण्यात, नौपाड्यात. नोकरी सुटल्यावर माणसांची नावं ओठांवर येऊन अडायला लागली, म्हणून मुलीने डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी थायरॉईड, बी-१२ आणि साखर तपासून घेतली. शंभरातून सात-सात वजा करायला लावले, तीन शब्द सांगून थोड्या वेळाने परत विचारले. सगळं ठीक निघालं. ‘तुमचं डोकं शाबूत आहे, फक्त त्याला काम उरलेलं नाही,’ एवढं निदान झालं. आधी तपासण्या झाल्या हे बरंच झालं. बी-१२ कमी असतं, तर कोडी सोडवून काय उपयोग होता?

मुलीने फोनवर एक ॲप घालून दिलं, पैसे भरून. पडद्यावर मासे पोहतात, मधला मासा कुठल्या दिशेला तोंड करून आहे ते पटकन दाबायचं. माझे गुण वाढत गेले, ॲप रोज शाबासकी देत होतं. लिफ्टमध्ये भेटणाऱ्या सहाव्या मजल्यावरच्या बाईंचं नाव मात्र आठवेना ते आठवेनाच. तेव्हा मी जरा वाचायला घेतलं. अमेरिकेत ६५ वर्षांवरच्या २८००हून जास्त लोकांवर ‘ॲक्टिव्ह’ नावाचा मोठा अभ्यास झाला होता, त्याचे निष्कर्ष २००२ साली आले. कोणाला स्मरणशक्तीचे, कोणाला तर्काचे, तर कोणाला नजरेच्या वेगाचे धडे दिले होते. ज्याला जे शिकवलं त्यात तो सुधारला. एकाचा फायदा दुसऱ्यात फारसा उतरला नाही. म्हणजे मासे पकडायचा सराव केला की मासे पकडता येतात. २०१६ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेने असे खेळ विकणाऱ्या एका बड्या कंपनीवर फसव्या जाहिरातींबद्दल कारवाई केली आणि कंपनीने २० लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं, हेही तेव्हाच कळलं. वर्गणी संपली तशी मी ती वाढवली नाही.

एवढ्यावरून मी एक ठरवलं. जे मला रोजच्या जगण्यात लागतं, त्याचाच सराव करायचा. मला लागतात तीन गोष्टी: नावं, तोंडी हिशेब, आणि मनात एक यादी धरून ठेवून दुसरं काम करणं.

प्रश्न उरला अवघडपणाचा. पेपरातलं रोजचं सुडोकू मी चहा पिता पिता, बातम्या ऐकता ऐकता सोडवते. त्यात डोकं लागतच नाही, हात आपोआप चालतो. करमणूक म्हणून छानच आहे, अजूनही सोडवते. उलट भाच्याने दिलेल्या पुस्तकातली ‘अतिकठीण’ सुडोकू! अर्धा तास एक आकडा भरता येत नाही, मग पान उलटून उत्तर बघायचं. त्यातूनही हाती काही लागत नाही, चिडचिड तेवढी होते. या दोन टोकांच्या मधे कुठेतरी आपली पट्टी असते. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट बिऑर्क यांनी १९९४च्या सुमारास मांडलं होतं की शिकताना हवीहवीशी अडचण असली की ते जास्त टिकतं. पुढे २०१९ मध्ये रॉबर्ट विल्सन आणि सहकाऱ्यांनी गणिताने दाखवलं की साधारण ८५ टक्के उत्तरं बरोबर आणि १५ टक्के चूक, अशा पातळीवर शिकण्याचा वेग सर्वांत जास्त असतो. आता हे गणित ‘हे की ते’ अशा दोनच पर्यायांच्या कामांचं आणि संगणकांच्या शिकण्याचं. नौपाड्यातल्या बाईने ते स्वतःला लावावं असं त्यांनी काही म्हटलेलं नाही. पण मोजपट्टी म्हणून मला ते सोयीचं वाटलं. सहा प्रश्नांत एखादं उत्तर चुकलं पाहिजे. सगळी बरोबर आली तर पातळी वर, निम्मी चुकली तर खाली.

पहिला प्रयोग लोकलमध्ये केला. मुलगी वाशीला असते, ट्रान्सहार्बरने जाणं-येणं चालू असतं. स्टेशनं ओळीने म्हणण्यात काही राम नाही, ती पाठच असतात. उलटी म्हणणंही सोपं, कारण परतीच्या गाडीत ती उलटीच येतात. म्हणून मी ती वर्णमालेच्या क्रमाने लावायला घेतली. कागद नाही, बोटं नाहीत, सगळं मनात. ऐरोली, कोपरखैरणे, घणसोली, ठाणे, तुर्भे, दिघा गाव, रबाळे, वाशी, सानपाडा. २०२४ पासून दिघा गाव वाढलं तरी नऊच, आणि प्रत्येकाचं पहिलं अक्षर वेगळं. दोन-चार फेऱ्यांत ते अगदी पाठ झालं, म्हणजे माझ्या दृष्टीने संपलं.

मग मेन लाइन घेतली, ठाणे ते सीएसएमटी, एकोणीस स्टेशनं. इथे खरी गंमत आहे. ‘क’मध्येच तीन: करी रोड, कांजूरमार्ग, कुर्ला. ‘म’मध्ये मशीद, माटुंगा, मुलुंड. करी रोड म्हणताना कांजूर आणि कुर्ला धरून ठेवायचे, त्याच वेळी ‘ख’चं कोणी आहे का म्हणून सगळ्या मार्गावर मनाने एक चक्कर मारून यायचं (नाही), ‘ग’चं (नाही), मग घाटकोपर. तेवढ्यात कुर्ला म्हटलं होतं की राहिलं, ही शंका. शेवटाला शीव आणि सँडहर्स्ट रोड यावेत, तर मी एकदा शीवला त्याच्या इंग्रजी नावाने सायन म्हणून ‘स’मध्ये टाकलं आणि शीव शोधत बसले. शेजारची मुलगी माझ्या हलणाऱ्या ओठांकडे बघत होती. जप चाललाय असं तिला वाटलं असावं. हा व्यायाम बरेच दिवस पुरला, कारण रोज वेगळ्याच जागी अडखळायला व्हायचं.

हिशेबाचं गुरुपद आमच्या इमारतीतल्या नानांकडे गेलं. वय ऐंशीच्या पुढे, शाळा रत्नागिरीकडच्या गावातली. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा अशा अपूर्णांकांचे पाढे, सगळं मुखोद्गत. आमच्या वेळी शाळेतून हे गेलेलं होतं, मला नुसते तिसापर्यंतचे पाढे येतात. नाना खुर्चीत बसून पाऊणकी म्हणायचे आणि मी मागून.

“पाच पाऊण?”

“थांबा हं नाना... पाचातून सव्वा गेला... पावणेचार.”

“हिशेब करू नका वहिनी, म्हणा!”

इथे आमचं जुंपलं. नानांना पाढा तोंडात बसायला हवा, मला तो बसू द्यायचाच नाही. एकदा बसला की डोकं पुन्हा रिकामं. शेवटी तोडगा निघाला. नाना ओळीने विचारत नाहीत, उलटसुलट विचारतात, मधेच पाऊणकीतून सवायकीत उडी मारतात. नऊ पाऊण पावणेसात म्हणेपर्यंत ‘सात सवा?’ येतं, पावणेनऊ. अशा वेळी आधीचा पाढा डोक्यातून हटवणं हेच मोठं काम असतं.

या सरावाचा उपयोग जांभळी नाक्यावर होतो. भाजी घेताना भाजीवाल्याच्या आधी बेरीज करायची असा माझा नेम आहे. पाव किलो गवार १२०च्या भावाने ३०, अर्धा किलो टोमॅटो ५०ने २५, पाऊण किलो बटाटे ३६ने २७, मेथीची जुडी २५. एकशेसात. घरात बसून हे शाळकरी गणित आहे. मंडईत मागून हातगाडी ‘बाजू, बाजू’ करत येते, भाजीवाला कढीपत्ता टाकू का विचारतो, पिशवीचा बंद खांद्यावरून घसरतो, आणि या सगळ्यात ८२ हा आकडा सांभाळून त्यात २५ मिळवायचे असतात. सोपं वाटायला लागलं तेव्हा मी भाज्या वाढवल्या. घरी मग तीन दिवस दुधी खावा लागला, त्यावर ह्यांची टिप्पणी इथे देत नाही.

नावांचं काम सर्वांत कठीण गेलं. सकाळी तलावपाळीला फेऱ्या मारणाऱ्या बायकांचा आमचा एक घोळका आहे, त्यातली निम्मी नावं मी ‘अहो’वर भागवत होते. सगळी एकदम धरायला गेले तर एकही राहीना. म्हणून एका आठवड्यात दोनच नवी नावं. समोर असताना एकदा नावाने हाक मारायची, घरी आल्यावर चेहरा आठवून नाव काढायचं, रात्री पुन्हा, दोन दिवसांनी पुन्हा. डायरीत लिहून वाचत बसण्याचा फारसा उपयोग नाही. न बघता आठवायला लागतं तेव्हाच ते पक्कं होतं, आणि विसरायच्या बेताला आलेलं असताना आठवलं तर जास्तच. लिफ्टमधल्या बाईंचं नावही असंच बसलं.

डाव्या हाताने दात घासणं, पाठमोरं चालणं असले प्रकार मी केले नाहीत. पाठमोरं चालून कंबर मोडली तर स्मरणशक्ती घेऊन काय करायचं? चष्मा अजूनही हरवतो, त्यावर यातलं काहीच चालत नाही, तो ठरलेल्या जागी ठेवणं हाच उपाय. आणि हे वाचता वाचता एक गोष्ट पदरात पडली. स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या आणि आपल्याला काही करता येण्याजोग्या १४ गोष्टींची यादी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये दिली, त्यात ऐकू कमी येणं आहे, रक्तदाब आहे, व्यायाम न करणं आहे, एकटेपणा आहे. ती यादी पुढे करून मी ह्यांच्या कानाच्या मशीनचा रखडलेला विषय मार्गी लावला. आता दुधीवरची टिप्पणी त्यांना स्वतःलाही नीट ऐकू येते.

सध्या औटकी चालू आहे, म्हणजे साडेतीनचा पाढा. सात औट साडेचोवीसपर्यंत ठीक, नऊला हमखास गाडी थांबते. गुरुदक्षिणा म्हणून मी नानांना मेन लाइन दिली. ते ‘भ’मध्ये भायखळा आधी म्हणतात आणि भांडुप नंतर. अनुस्वाराचं अक्षर आधी येतं म्हणून मी शब्दकोश उघडून दाखवला, तर म्हणाले, “गाडीत कोण शब्दकोश घेऊन बसतो?” पुढे हार्बर घ्यायची ठरली आहे. तिथे ‘ख’मध्ये खांदेश्वर आणि खारघर आहेत, म्हणजे हा वाद पुन्हा होणारच.