नॅस ‘दिसत नाही’ तेव्हा तपासणी कोठून सुरू करावी

ज्यांच्या घरी नॅस, म्हणजे राउटरला जोडून ठेवलेली साठवणुकीची डिस्क आहे, त्यांची तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात येते: ‘ड्राइव्ह दिसत नाही.’ या वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. विंडोजच्या नेटवर्क या खिडकीत नॅसचे नाव न उमटणे ही एक गोष्ट, आणि नॅसशी संपर्कच न होणे ही दुसरी. नातेवाईक आणि मित्रांच्या घरी मी जे नॅस तपासले, त्यांपैकी बहुसंख्य धडधाकट होते. डेटा जागच्या जागी होता आणि फक्त त्याच्यापर्यंत पोहोचण्याची नेहमीची वाट बंद झाली होती. ती वाट नेमकी कोठे बंद झाली आहे हे कळेपर्यंत नॅसला हात लावू नये, असे माझे ठाम मत आहे.

याचे कारण असे, की डेटा जातो तो बहुधा मूळ बिघाडामुळे नव्हे, तर घाईने केलेल्या उपायामुळे. नॅस दिसत नाही म्हणून आतली डिस्क काढून ती यूएसबीच्या केबलने विंडोजच्या संगणकाला जोडली जाते. घरगुती नॅस सहसा लिनक्सवर चालतात आणि त्यांच्या डिस्कवर ईएक्सटी४ किंवा बीटीआरएफएस ही मांडणी असते, जी विंडोजला मुळात वाचता येत नाही. विंडोज ‘ही डिस्क फॉरमॅट करायची का?’ असे विचारते, समोरचा माणूस डिस्क खराब झाली असे समजून होकार देतो आणि वर्षानुवर्षांचे फोटो त्या एका क्लिकमध्ये धोक्यात येतात. आमच्या नॅसवर वडिलांनी स्कॅन केलेली जमिनीची कागदपत्रे आणि आजीच्या आवाजातल्या ओव्या आहेत. अशा गोष्टी पुन्हा तयार करता येत नाहीत, म्हणूनच तपासणीचा क्रम मला इतका महत्त्वाचा वाटतो. मागच्या बाजूच्या बारीक छिद्रातले रिसेटचे बटणही याच कारणासाठी शेवटपर्यंत दाबू नये. ते किती सेकंद दाबले तर काय पुसले जाते, हे प्रत्येक बनावटीत निराळे असते.

पहिला प्रश्न एवढाच, की नॅसला या क्षणी कोणता आयपी ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कमधला आकडी पत्ता, मिळालेला आहे. राउटरच्या ॲडमिन पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी असते. तिच्यात नॅस शोधावा. तेथे पत्ता सापडला, तर फाइल एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीत दोन बॅकस्लॅश देऊन तो पत्ता थेट लिहावा, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५०. फोल्डर उघडले, तर नॅस, केबल, डिस्क आणि पासवर्ड हे सारे ठीक आहे आणि दोष फक्त नाव शोधण्यात आहे, हे एका मिनिटात सिद्ध होते. त्याच पत्त्यावर ड्राइव्ह मॅप करून, म्हणजे त्या फोल्डरला संगणकावर एक ड्राइव्हचे अक्षर देऊन, काम तत्काळ सुरू करता येते आणि नावाचा प्रश्न सवडीने सोडवता येतो.

राउटरच्या यादीत नॅस नसेल आणि निर्मात्याच्या शोधक ॲपमध्ये त्याचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होणारा दिसत असेल, तर नॅसने पत्ता मागितला पण तो देणारे कोणी भेटले नाही, असा त्याचा अर्थ होतो. आपल्याकडे हे लाइट जाऊन आल्यावर हमखास घडते. वीज परत येताच राउटर आणि नॅस एकाच वेळी सुरू होतात. राउटर पूर्ण जागा होण्याआधीच नॅसची पत्त्याची मागणी वाया जाते आणि तो स्वतःच एक तात्पुरता पत्ता घेऊन बसतो. अशा वेळी राउटर स्थिर झाल्यावर नॅसची लॅन केबल काढून पुन्हा लावणे बहुधा पुरेसे ठरते. वारंवार असे होत असेल, तर राउटर आणि नॅस दोन्ही लहान यूपीएसवर घ्यावेत. शिवाय राउटरमध्ये त्या नॅससाठी कायमचा पत्ता राखून ठेवावा, ज्याला डीएचसीपी रिझर्व्हेशन म्हणतात. हाच पत्ता नॅसमध्ये हाताने भरता येतो, पण मला राउटरमधली नोंद अधिक बरी वाटते, कारण उद्या राउटर बदलला आणि त्याची पत्त्यांची मालिका निराळी निघाली, तरी नॅस जुन्या पत्त्यावर अडकून राहत नाही.

यानंतर पाहावे ते घरातल्या राउटरांची संख्या. फायबरचे कनेक्शन देणाऱ्या कंपनीचे उपकरण दाराजवळ असते, त्याचे वायफाय आतल्या खोलीत पोहोचत नाही, म्हणून मालक दुसरा राउटर आणून जोडतो. आता घरात दोन स्वतंत्र नेटवर्क झाली. दाराजवळच्या उपकरणाला जोडलेल्या लॅपटॉपचा पत्ता १९२.१६८.१ ने सुरू होतो, तर आतल्या राउटरला जोडलेल्या नॅसचा १९२.१६८.० ने. या रचनेतली खरी गोंधळाची बाब अशी, की आतल्या नेटवर्कमधून बाहेरच्या नेटवर्कपर्यंत जाता येते, पण बाहेरून आत येता येत नाही. त्यामुळे एका लॅपटॉपवर नॅस उघडतो आणि दुसऱ्यावर उघडत नाही, आणि दोष त्या दुसऱ्या लॅपटॉपच्या माथी मारला जातो. दोन्ही यंत्रांचे आयपी ॲड्रेस शेजारी शेजारी लिहून पाहिले की हे लगेच उघड होते. आतला राउटर ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये टाकला, म्हणजे पत्ते वाटण्याचे काम काढून त्याला फक्त वायफाय पसरवू दिले, की दोन्ही नेटवर्क एक होतात. पाहुण्यांसाठीचे गेस्ट वायफाय मात्र घरातल्या उपकरणांपासून मुद्दाम तोडलेले असते. फोन चुकून त्यावर जोडला गेला असेल, तर नॅस न दिसणे हेच त्याचे योग्य वागणे होय.

पत्ता आहे, पिंगला, म्हणजे ‘आहेस का?’ एवढेच विचारणाऱ्या चाचणीला, उत्तर येते, आणि तरीही फोल्डर उघडत नाही, ही तक्रार गेल्या काही वर्षांत सर्वाधिक वाढली आहे आणि तिच्यामागे एक इतिहास आहे. विंडोज आणि नॅस यांच्यातली फाइलींची देवाणघेवाण एसएमबी या प्रोटोकॉलने, ४४५ क्रमांकाच्या पोर्टवरून होते. त्याची पहिली आवृत्ती, एसएमबी १, अत्यंत जुनी आणि असुरक्षित होती. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रॅमने तिच्यातल्याच त्रुटीचा फायदा घेतला होता. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात आलेल्या विंडोज १० च्या १७०९ या आवृत्तीपासून नव्याने बसवलेल्या विंडोजमधून एसएमबी १ टप्प्याटप्प्याने काढली जाऊ लागली. नेटवर्कच्या खिडकीत शेजारच्या यंत्रांची नावे दाखवणारी जुनी यंत्रणाही एसएमबी १ वरच अवलंबून होती, त्यामुळे तीही गेली. तिची जागा डब्ल्यूएस-डिस्कव्हरीने घेतली, आणि ती सुविधा ज्या नॅसमध्ये नाही किंवा बंद आहे, त्याचे नाव खिडकीत येत नाही. नॅसच्या सेटिंगमध्ये ती चालू करावी, आणि संगणकावर नेटवर्कचा प्रकार पब्लिक असा नोंदला गेला असेल तर तो प्रायव्हेट करावा.

जुन्या नॅससाठी संगणकावर एसएमबी १ पुन्हा चालू करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो उपाय चालतो, हे खरे. पण मी तो कोणालाही सांगणार नाही. आधी नॅसचे फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतला मूळ प्रोग्रॅम, अद्ययावत करून त्यात एसएमबी २ किंवा ३ निवडता येते का ते पाहावे. ते शक्य नसेल आणि निर्मात्याने अद्ययावतीकरण थांबवले असेल, तर नॅसच्या स्वतःच्या वेब पानावरून किंवा त्याच्याच यूएसबी पोर्टमधून सगळा डेटा बाहेर काढावा आणि त्या यंत्राला निवृत्त करावे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा नियमित आधार संपल्यामुळे अनेकांनी संगणक बदलले आणि त्यांना एक नवा अडथळा भेटला. विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीत, प्रो प्रकारात, पासवर्डशिवाय चालणारा गेस्ट प्रवेश बंद झाला आहे आणि एसएमबीच्या प्रत्येक संदेशावर डिजिटल सही सक्तीची झाली आहे. घरातलाच तर नॅस आहे, म्हणून ज्यांनी फोल्डर सर्वांसाठी खुले ठेवले होते, त्यांना अचानक ‘तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे प्रवेश रोखला आहे’ अशा अर्थाचा संदेश दिसतो. घरात कसली संस्था, या विचाराने माणूस बुचकळ्यात पडतो. विंडोजचे धोरण सैल करून हे टाळता येते, पण योग्य उपाय त्याहून सोपा आहे: नॅसवर घरातल्या प्रत्येकासाठी नाव आणि पासवर्ड तयार करावा आणि फोल्डरचे हक्क त्या नावांना द्यावेत.

पासवर्ड दिल्यानंतरही विंडोज तो पुन्हा पुन्हा मागत राहते, त्याचे कारण बहुधा पासवर्डात नसून नावात असते. विंडोज स्वतःहून आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्याचे नाव पुढे करते आणि नॅसला ते ओळखीचे नसते. विचारणा होते तेव्हा दुसरे खाते वापरण्याचा पर्याय निवडून नॅसवर तयार केलेले नाव लिहावे. संगणक उघडण्याचा चार आकडी पिन येथे चालत नाही. जुने चुकीचे नाव क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नावे-पासवर्डांच्या साठ्यात, साठून राहिले असेल, तर ते तेथून पुसावे लागते. १२१९ हा एरर क्रमांक दिसला, तर एकाच नॅसशी दोन वेगळ्या नावांनी जोडणी करण्याचा प्रयत्न झाला आहे असे समजावे. आधीची जोडणी तोडून किंवा संगणक रिस्टार्ट करून तो जातो.

ऑफिसच्या लॅपटॉपवर व्हीपीएन, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणारी खासगी वाट, चालू असताना घरातले नेटवर्क अनेकदा मुद्दाम अडवलेले असते. ते ऑफिसचे धोरण असल्याने तेथे घरून काही करू नये. आयफोनवर २०२० च्या आयओएस १४ पासून आणि मॅकवर २०२४ च्या सेकोया आवृत्तीपासून प्रत्येक ॲपला स्थानिक नेटवर्कची परवानगी वेगळी द्यावी लागते. ती नाकारली गेली असेल, तर त्या ॲपपुरता नॅस अदृश्य होतो.

जोडणी होते पण तुटते किंवा रडतखडत चालते, तेव्हा वस्तूंकडे वळावे. गिगाबिट वेगाला लॅन केबलमधल्या आठही तारा लागतात, शंभर मेगाबिटला त्यांतल्या चारच. कनेक्टरमधल्या उरलेल्या चारांपैकी एखादी तार सैल झाली की जोडणी बहुधा तुटत नाही, निमूटपणे शंभर मेगाबिटवर उतरते. फाइल कॉपी होण्याचा वेग सेकंदाला साधारण ११ मेगाबाइटवर येऊन तेथेच ठाम थांबला असेल, तर आधी केबल बदलावी. तोच वेग निरोगी गिगाबिट जोडणीत ११० च्या आसपास जातो. मोठी फाइल कॉपी होताना नॅस आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होत असेल, तर १२ व्होल्टच्या ॲडॉप्टरवर संशय घ्यावा, कारण जुना ॲडॉप्टर रिकाम्या वेळी टिकतो आणि डिस्कवर भार आला की दम सोडतो. वळवाच्या पावसात विजा कडाडल्यानंतर राउटरचे एखादे लॅन पोर्ट मृत होणे हेही आपल्याकडे नवे नाही, तेव्हा केबल दुसऱ्या पोर्टमध्ये लावून पाहावी. बऱ्याच वेळाने पहिले फोल्डर उघडताना दहा-पंधरा सेकंद लागणे हा मात्र दोष नाही. झोपलेली डिस्क फिरू लागण्याचा तो वेळ असतो.

मराठीत फाइलींची नावे देणाऱ्यांसाठी एक खास बाब येथे नोंदवतो, कारण ती कॉपी मध्येच थांबवते आणि नेटवर्क तुटल्याचा भास निर्माण करते. लिनक्समध्ये फाइलच्या नावाची मर्यादा २५५ बाइटची आहे आणि देवनागरीतले प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो की वेगळा मोजला जाणारा काना किंवा मात्रा, तीन बाइट घेते. म्हणजे नावात सुमारे ८५ चिन्हेच मावतात. काही नॅसवरच्या एन्क्रिप्ट केलेल्या फोल्डरांत ही मर्यादा १४३ बाइटवर येते, म्हणजे फक्त ४७ चिन्हे. ‘आजीच्या पंच्याहत्तरीच्या कार्यक्रमातील गोंदवल्याचे फोटो’ या धर्तीचे नाव त्यात मावत नाही. कॉपी नेहमी एकाच फाइलपाशी थांबत असेल, तर तिचे नाव लहान करून पाहावे.

घराबाहेरून नॅस न उघडणे हा वेगळाच प्रश्न आहे. आपल्याकडच्या अनेक ब्रॉडबँड जोडण्यांना स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मिळत नाही. अनेक ग्राहक एका पत्त्यामागे असतात. राउटरच्या पानावर बाहेरच्या बाजूचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात दिसला, तर पोर्ट फॉरवर्डिंगवर, म्हणजे बाहेरून नॅसपर्यंत राउटरमध्ये थेट दार उघडण्यावर, कितीही मेहनत घेतली तरी ते चालणार नाही. ते चालत असेल तरीही मी ते करणार नाही. जून २०२१ मध्ये इंटरनेटला उघडे असलेले वेस्टर्न डिजिटलचे माय बुक लाइव्ह नॅस दुरून पुसले गेले आणि जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट या खंडणीखोर प्रोग्रॅमने क्यूनॅपच्या नॅसवरच्या फाइली कुलूपबंद केल्या. मुलगा पुण्याला किंवा लेक परदेशी असेल आणि घरचे फोटो तिकडून पाहायचे असतील, तर वायरगार्ड किंवा टेलस्केल यांच्यासारखा खासगी बोगदा वापरावा. टेलस्केल सामायिक पत्त्यामागूनही चालते आणि नॅसचे दार इंटरनेटला उघडे पडत नाही.

जोडणी पुन्हा लागली की त्याच बैठकीत दोन कामे करावीत. जे पुन्हा मिळणार नाही ते आधी एका वेगळ्या यूएसबी डिस्कवर उतरवून घ्यावे, कारण नॅसमधल्या दोन डिस्कांची आरसाप्रत चुकून पुसलेली फाइल परत देत नाही. नंतर नॅसच्या पानावरचा स्मार्ट अहवाल, म्हणजे डिस्कने स्वतःच्या प्रकृतीची ठेवलेली नोंद, उघडावा. त्यातला १९७ क्रमांकाचा आकडा, म्हणजे वाचता न आल्याने ताटकळत ठेवलेले सेक्टर, शून्याच्या वर जाऊन वाढत असेल, तर ती डिस्क बदलण्यासाठी नवी आजच मागवावी. १९९ हा आकडा वाढत असेल, तर दोष बहुधा डिस्कच्या आत नसून तिच्या जोडणीत असतो. नॅस बंद करून ती खाचेत नीट बसवावी आणि आठवड्याने तोच आकडा पुन्हा पाहावा.