हात कोणाचा?

गणपतीच्या आधीचे काही आठवडे आम्ही संध्याकाळी सहानंतर रेकॉर्डिंग लावत नाही. स्टुडिओ नारायण पेठेतल्या एका तळघरात आहे, नदीपात्र हाकेच्या अंतरावर, आणि पात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव. दुहेरी दार, भिंतींना जाड अस्तर, सगळं करून झालंय. गायकाचा आवाज बाहेर जात नाही, पण ढोलाचा ठोका आत येतोच. खालचा नाद भिंतीला जुमानत नाही.

म्हणून सकाळी लवकर जातो. त्या दिवशी गेलो तर पायरीवर एक पोरगा बसलेला. महिन्यापूर्वी त्याच्या मंडळाचं गाणं आमच्याकडे मिक्स झालं होतं. शब्द त्याचे, चाल त्याची, गायलाही तोच.

"दादा, चोरीचा आळ आलाय."

फोन पुढे केला. गाणं नेटवर चढवून दोन दिवस झाले होते आणि त्यावर कॉपीराइटचा क्लेम आला होता. सुरुवातीच्या अठरा सेकंदांत दुसऱ्या कुणाचं तरी ध्वनिमुद्रण आहे, असं त्यात म्हटलं होतं. पैशाचा प्रश्न नव्हता, त्या गाण्याला पैसे मिळणारच नव्हते. पण मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी स्क्रीनशॉट टाकला होता आणि खाली लिहिलं होतं, 'थीम साँग ढापलेलं निघालं.' पेठेत असं एकदा चिकटलं की पोरगा आजोबा झाला तरी निघत नाही.

ज्या गाण्याच्या नावानं क्लेम होता ते ऐकलं. दुसऱ्याच जिल्ह्यातल्या कुणाचं तरी यात्रेचं गाणं. चाल वेगळी, पट्टी वेगळी. आमच्या पोराचं काळी दोनमध्ये, त्याचं पांढरी चारमध्ये. सारखं काही म्हणजे काहीच नाही. फक्त सुरुवातीची ढोलकी ऐकून माझ्या पोटात गोळा आला. ती मीच पास केली होती.

सेशन उघडलं. अपेक्षेप्रमाणे ढोलकीच्या ट्रॅकवर वाजवलेलं काही नव्हतं, एक लूप होता, म्हणजे आधीच मुद्रित केलेला, पुन्हा पुन्हा लावायचा तुकडा. केरव्याची चार आवर्तनं, एकामागून एक चिकटवलेली. परदेशातल्या एका साइटवरून पोरानं पाचशे आवाजांचा संच रीतसर विकत घेतला होता. कुठेही वापरा, कुणाला विचारू नका, असं त्यावर लिहिलेलं. त्या दुसऱ्या गाणेकऱ्यानंही तोच संच घेतला असणार. त्यानं गाणं आधी चढवलं, त्याच्या वितरकानं, म्हणजे गाणी नेटवर पोचवणाऱ्या कंपनीनं, ते चोरी पकडणाऱ्या यंत्रात नोंदवलं. यंत्राला ढोलकी कुणाची हे कळत नाही, आधी कोण आलं एवढंच कळतं.

पोराची खात्री पटेना. मग आमच्या धंद्यातली एक जुनी युक्ती केली. दोन्ही गाण्यांची सुरुवात एकाखाली एक अगदी नेमकी जुळवली आणि एकाचा फेज उलटा केला, म्हणजे त्याची ध्वनिलहर वरची खाली केली. दोन आवाज तंतोतंत एकच असतील तर असं केल्यावर ते एकमेकांना खाऊन टाकतात. प्ले दाबलं. ढोलकी गायब. मागे थोडी खरखर राहिली आणि त्यातून दोन वेगवेगळी पोरं, दोन वेगवेगळ्या सुरांत, दोन वेगवेगळ्या देवांना हाका मारत होती.

पोरगा बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "परत लावा." मी परत लावलं. मलाही परत ऐकायचं होतं.

आजकालची गाणी सगळी सारखीच, हे वाक्य मी रोज ऐकतो. घरी सासरे म्हणतात, स्टुडिओत गिऱ्हाईक म्हणतं, आणि तेच गिऱ्हाईक पुढच्या वाक्यात 'त्या हिट गाण्यासारखं करून द्या' असंही म्हणतं. २०१२ साली स्पेनमधल्या काही संशोधकांनी हे मोजून बघितलं होतं. १९५५ ते २०१० मधली पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताची ४,६४,४११ ध्वनिमुद्रणं त्यांनी संगणकाला ऐकवली. सुरांच्या जोडण्यांतली विविधता कमी होत गेलेली, आवाजाचा पोत एकसारखा होत गेलेला आणि गाणी मोठ्यानं वाजू लागलेली, असं त्यांना दिसलं. वाचलं तेव्हा मला सुरांपेक्षा पोताची गोष्ट जास्त खरी वाटली. त्या सकाळी ती कानानं ऐकली.

अकरा वाजता भजनी मंडळाच्या बायका आल्या. सात जणी, एक पेटी, तबला, टाळ आणि डब्यात चिवडा. मंडळाला पन्नास वर्षं झाली म्हणून आपापल्या घरी ठेवायला चार भजनं रेकॉर्ड करायची होती. आल्या आल्या पट्टीवरून भांडण. एकीला काळी एक हवी, दुसरीचं म्हणणं, "तुझा घसा बसलाय म्हणून आम्ही सगळ्यांनी खाली का यायचं?" पोरगा कोपऱ्यात बसून होता, त्याला त्यांनी चिवडा दिला.

मोठ्या काकूंची वही स्टँडवर होती. मी माइक लावताना सहज वाचली. प्रत्येक भजनाच्या डोक्यावर लाल शाईत 'चाल' आणि पुढे कुठली ते. एका ठिकाणी नाटकातल्या पदाची. एका ठिकाणी सिनेमातल्या गाण्याची, आणि भजन चक्क विठ्ठलाचं. एका ठिकाणी लिहिलं होतं, 'चाल: रेडिओवर ऐकली, १९७१.'

"काकू, हे सगळं उसनंच की!"

"मग? लिहिलंय ना वर."

काकूंनी ही रीत कुठून घेतली ते उघड आहे. जुन्या संगीत नाटकांच्या छापील पुस्तकांत पदाच्या वर चाल कुठली ते दिलेलं असायचं. याच पुण्यात १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी शाकुंतल रंगभूमीवर आणलं, आणि त्यानंतर कीर्तन, लावणी, कानडी पदं, ठुमरी, जिथून मिळेल तिथून चाली आल्या. १९१६ च्या स्वयंवर नाटकाला भास्करबुवा बखल्यांनी चाली दिल्या, त्यातल्या कितीतरी थेट ख्यालाच्या बंदिशींवरून. आज आपण त्याला अस्सल मराठी म्हणतो, आणि ते आहेच. फार कशाला, सुखकर्ता, युगे अठ्ठावीस, दुर्गे दुर्घट, लवथवती, चारही आरत्या आपण घरोघरी एकाच चालीवर म्हणतो. कुणी क्लेम टाकल्याचं ऐकिवात नाही.

बायकांनी सिनेमाच्या चालीवरचं ते भजन म्हटलं. दुसऱ्या ओळीत तबला धावला, टाळ मागे राहिले, मग सगळ्या जणी कुठेतरी मधेच भेटल्या. मूळ गाणं मला पाठ आहे, पण ते आठवेना.

दुपारी पोराशी बोललो. क्लेमवर आक्षेप घेता येतो, तो त्यानं घेतला. पण समोरच्याला उत्तर द्यायला तीस दिवस असतात आणि गणपती बारा दिवसांवर आलेले. ढोलकी नव्यानं वाजवून घेणं बरं, म्हणून मी मामांना फोन केला. मामा वीसेक वर्षं तमाशाच्या फडात होते, आता पर्वती पायथ्याला राहतात आणि बोलावतील तिथे वाजवतात. चारला आले. ढोलकी मिळवता मिळवता म्हणाले, "आधीचं काय आहे ते ऐकवा."

लूप लावला.

मामांचा हात दोरीवरच थांबला. "परत लावा." आणि मग, "अहो, हा हात माझाय."

मी हसलो, ते हसले नाहीत. बरीच वर्षं झाली, त्यांना मुंबईला नेलं होतं. काचेच्या खोलीत दोन दिवस. कानात टिक टिक, आणि एकेक ठेका आधी सावकाश, मग थोडा जलद, मग आणखी जलद. "मी विचारलं, गाणं कुठाय? तर म्हणाले, गाणं नंतर." कागदावर सही घेतली, पाकीट दिलं, जेवण चांगलं होतं.

"पण तुमचाच कशावरून?"

"डावा ऐका. धूम किंचित मागे पडतोय. मनगट मोडलं होतं माझं, तेव्हापासूनचा आहे तो."

स्क्रीनवर मोठं करून पाहिलं. डाव्या हाताचा आघात खरंच रेषेच्या मागे होता, चारही आवर्तनांत. याला पुरावा म्हणता येत नाही, मागे पडणारे हात काय कमी आहेत! पण मामांच्या चेहऱ्याकडे बघून मी वाद घातला नाही.

पोरगा एकदम खुलला. "मग मामा, हेच्या हेच वाजवा ना!"

वाजवलं. दोन आवर्तनं हुबेहूब, तिसऱ्यात बोटं सुटली आणि एक तोडा आला. पुन्हा घेतलं, पुन्हा दुसरंच काही. पोरगा हेडफोन काढून म्हणाला, "मामा, लूपसारखं सरळ ठेवा की."

"त्या दिवशी गाणं नव्हतं, म्हणून सरळ वाजलं," मामा म्हणाले. "आता तू कानात गातोयस. मुखडा येतोय दिसल्यावर हात गप्प कसा बसंल?"

चौथा टेक ठेवला. पावणेसहा झाले होते.

मामा पाकीट खिशात घालत असताना पोरानं त्या दुसऱ्या गाण्याखाली दिलेला नंबर लावला आणि फोन स्पीकरवर टाकला. समोर याच्याच वयाचा पोरगा. क्लेम टाकलाय हे त्याला माहीतही नव्हतं, वितरकाचा फॉर्म भरताना सगळ्या चौकटींवर टिक केली म्हणाला. लूप त्यानंही विकतच घेतलेला. काढायला सांगतो म्हणाला, गाणं आवडलं म्हणाला.

तेवढ्यात मामा फोनजवळ वाकले. "बाळा, तुझ्या गाण्यातबी मीच आहे बरं का."

पलीकडे जरा वेळ काहीच नाही. वर पात्रात पहिला ढोल पडला, टेबलावरचा चहाचा कप थरथरला.

"कोण बोलतंय?" त्यानं विचारलं.