रापणीतला अर्धा वाटा

मालवणात दांडीच्या किनाऱ्यालगत आमचं घर आहे. त्यातल्या दोन खोल्या आम्ही निवास-न्याहारीसाठी काढल्यात. येणारी मंडळी बहुतेक मुंबई, पुणे, कोल्हापूरची. पाठीवर बोचकं घेतलेले परदेशी अधूनमधून गोव्याहून वर सरकतात, एखाद-दुसरी रात्र काढतात आणि पुढे जातात. गावात कितीतरी जण त्यांना दारातूनच ‘खोली नाही’ सांगतात. कारण एकच, सी-फॉर्म. परदेशी पाहुणा आला की चोवीस तासांच्या आत त्याचा पासपोर्ट, व्हिसा, कुठून आला, इथून कुठे जाणार, सगळं ऑनलाइन भरायचं. त्यात लाईट गेली की नेट गेलं, मग बसा वाट बघत. मला मात्र ही गिऱ्हाइकं आवडतात. एसी मागत नाहीत आणि ताट स्वतः विसळतात.

जानेवारीत एक जर्मन जोडी संध्याकाळच्या एसटीने कुडाळहून उतरली. उंच, हाडकुळा मुलगा आणि त्याची मैत्रीण. तिने आल्याआल्या सांगितलं, मासे, अंडं, दूध, तूप काहीच चालत नाही. मालवणात येऊन हे! पण मी सकाळी घावणे केले, सोबत गूळ घातलेला नारळाचा रस. दुपारी सोलकढी होतीच. मासळी बाजूला ठेवली तर आमचं अर्धं स्वयंपाकघर तिच्या नेमात बसतं, हे मलाही तेव्हाच कळलं. सकाळी किल्ला बघायचा आणि दुपारी गोकर्णाकडे निघायचं, असा त्यांचा बेत. फॉर्मात मी तसंच भरलं.

किल्ल्याच्या होड्या सुटायला अजून वेळ होता आणि किनाऱ्यावर रापण लागली होती. होडीने समुद्रात अर्धगोल जाळं टाकून येतात आणि मग दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसं ओढतात. जो दोराला हात लावेल त्याला मासळीचा वाटा, ही जुनी रीत. मुलगा गेला आणि रांगेत उभा राहून ओढू लागला. पाय रोवून, मागे झुकून, अगदी बेतानं. रापणकरांना गंमत वाटली. जाळं जवळ आलं तसा तो उत्साहाने गुडघाभर पाण्यात शिरला आणि जोरात ओरडला.

दोघांनी त्याला धरून आमच्या अंगणात आणलं. घोट्याच्या वर बोटभर चीर, त्यातून रक्त. रापणीतले तात्या मागोमाग आले. “वयनी, तेका वागळीन मारल्यान. गरम पाणी काडा.”

वागळी म्हणजे पाकट, चपटा मासा; तिच्या शेपटीवर करवतीसारखा दाती असलेला काटा असतो. वाळूत पसरून पडलेली असते, पाय पडला की शेपूट मारते. चिरेपेक्षा विषाचा ठणका भयंकर. दहा-पंधरा मिनिटांत त्या पोराचा चेहरा पांढरा पडला, कळ मांडीपर्यंत चढली. तोवर अंगणात माणसं जमून सल्ले सुरू झाले. कोणी म्हणे चुना लावा, कोणी म्हणे वर घट्ट दोरी बांधा. मी दोन्ही करू दिलं नाही. हे विष उष्णतेने मोडतं, म्हणून पाय सोसेल तितक्या गरम पाण्यात ठेवायचा, हेच खरं. मागीलदारच्या चुलीवर हंडा होताच. पाणी आधी मी माझ्या हाताने बघितलं, कारण ठणक्याच्या भरात माणसाला भाजलेलंही कळत नाही. बादलीत पाय ठेवला, थंड झालं की नवीन ओतायचं. हळूहळू त्याचे दात आवळायचे थांबले. तासाभराने तो म्हणाला, पाणी जरा गार करा.

मग तीनचाकी करून सरकारी दवाखान्यात. डॉक्टरांनी काट्याचा तुकडा आत राहिलाय का ते बघितलं, जखम धुतली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. जखम मुद्दाम न शिवता मोकळी ठेवली आणि दुसऱ्या दिवशी पट्टी बदलायला बोलावलं. मुलगी बाहेर ओट्यावर बसून जर्मनीतल्या विमा कंपनीशी फोनवर भांडत होती. त्यांना छापील बिल हवं होतं आणि आमच्याकडे केसपेपर एवढाच कागद. तो तिने चार कोनांतून फोटो काढून पाठवला. विमेवाल्यांना त्यातून काय उमगलं ते तेच जाणोत.

मुक्काम अर्थातच वाढला. मी पुन्हा फॉर्म उघडून बसले. दुसऱ्या दिवशी पट्टी बदलून झाल्यावर मुलगी एकटीच होडीने किल्ल्यावर गेली आणि परत आल्यावर पडवीत पाय उशीवर ठेवून बसलेल्या त्याला सगळं सांगू लागली. राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर, चुन्यात उमटलेले शिवरायांच्या हातापायाचे ठसे. सगळ्यात नवल तिला दुधबाव आणि साखरबाव या विहिरींचं. चहूकडे खारा समुद्र आणि आत गोडं पाणी!

पण मला सांगायचंय ते त्याआधीचं, वागळीने मारलं त्याच दुपारचं. आम्ही दवाखान्यातून येतोय तोच तात्या केळीच्या पानात मासळी घेऊन दारात. थोडे पेडवे आणि दोन बांगडे. पोराने खिशातून पैसे काढले, पाणी सुचवल्याबद्दल. तात्यांनी हात मागे घेतला.

“पैसे कित्याक? तेचो वाटो तो.”

मी म्हटलं, “तात्या, वाटा जरा कमी दिसतोय.”

“मगे? जाळा भायर येवच्या आदीच बसलो नाय तो? अर्धाच वडल्यान, अर्धो वाटो.”

मी त्याला इंग्रजीत हे समजावलं. त्याने थोडा विचार केला आणि हिशेब बरोबर आहे म्हणाला. दोन्ही बांगडे त्याने एकट्याने खाल्ले, मैत्रिणीसमोर.