आमची वाटचाल: ऑर्गन, धानाची पोती आणि समोरची पाटी

गडचिरोली जिल्ह्यातलं आमचं वडसा म्हणजे झाडीपट्टीच्या नाटकांचं ठाणं. वडशाला नाट्य कंपन्यांच्या पाट्या किती, हे वडशाच्या माणसालाही नक्की सांगता येणार नाही. दसऱ्याच्या सुमारास नव्या लागतात, होळीपर्यंत त्यातल्या काही उतरलेल्या असतात. आमची अजून आहे. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया, झाडीपट्टीच्या चारही जिल्ह्यांतली गावोगावची मंडळं आमच्याकडे बुकिंगला येतात. ज्या गावाला आमचं नाटक एकदा लागलं, ते पुढच्या साली तारखेसाठी आधी आमच्याच ओट्यावर येऊन बसतं. हे सांगायला लाज कसली?

आमचं काम एकच. रडवायचं आणि त्याच दमात हसवायचं. पोस्टरवर 'सामाजिक, कौटुंबिक, तुफान विनोदी' असं छापतो आणि तिन्ही देतो. मुलीच्या लग्नात बाप छाती धरून पडतो, बाया पदर डोळ्याला लावतात, आणि तेवढ्यात घरगडी उलटी टोपी घालून 'वरात आली' म्हणत घुसतो. तो जरा आधी आला तर रडणं वाया, उशिरा आला तर लोक चहाच्या दुकानाकडे उठतात. शहरातले लोक याला भडक म्हणतात. त्यांनी डिसेंबरच्या थंडीत, रात्री दहापासून कोंबडं आरवेपर्यंत, उघड्या पटांगणात माणसं जागेवर बसवून दाखवावीत, मग बोलावं. २०२३ साली झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा यांच्यापैकीच काहींनी फोन करून विचारलं, 'तुमच्याकडे अजून नाटकं होतात वाटतं?'

आता ती वेळ कोण सांभाळतो? सगळे म्हणतात, कॉमेडियन. साफ चूक. ऑर्गनवाला सांभाळतो. बाप पडला की तो एक सूर धरून ठेवतो, लोकांचं नाक ओढणं कमी झालं की सोडतो, आणि सूर सुटला की गड्याने विंगेतून निघायचं. आमच्याकडे हा नियम पहिल्या सिझनपासून आहे. तेव्हापासून ऑर्गनवर बसणारे मास्तरही तेच आहेत.

ऑर्गन पायाचाच आहे. बाकीच्यांनी कीबोर्ड घेतले, कारण ते काखेत मारून नेता येतात. पण कीबोर्डचा सूर तुम्ही धराल तितका वेळ तसाच राहतो. पायाच्या ऑर्गनचा सूर भात्यातली हवा सरत आली की किंचित खचतो, आणि त्या खचण्यातच बायांना हुंदका येतो. त्याला सांभाळावंही लागतं. रात्रीचं दव पडलं की सुरांच्या पट्ट्या जड होतात, म्हणून प्रयोगाआधी आत साठचा बल्ब लावून ठेवतो. पावसाळ्यात भात्याचं चामडं उंदरांपासून जपावं लागतं. मेटाडोरमध्ये तो उभा बांधायचा, दोन्ही अंगांना पडद्यांच्या गुंडाळ्या लावून. आमचे पडदे रंगवलेले आहेत: महाल, रस्ता, झोपडी, जंगल. फ्लेक्सचे स्वस्त पडतात, पण त्यांच्यावर हॅलोजन पडला की झोपडीसुद्धा मोबाईलच्या दुकानासारखी चमकते. नव्या कंपनीवाल्यांना म्हणून सांगतो, ड्रेसवर कमी खर्च करा, पडदा रंगवून घ्या. आणि जनरेटर कुठे ठेवायचा हे मंडळाला ठरवू देऊ नका. वारा येतो त्या बाजूला ठेवला तर तिसऱ्या अंकात बापाचं शेवटचं वाक्य कुणाला ऐकू जात नाही.

सिझन २०१६ चा. भाऊबीज १ नोव्हेंबरला झाली, मंडया, म्हणजे आमच्याकडच्या दिवाळीनंतरच्या गावजत्रा, सुरू झाल्या, तारखा भरल्या होत्या. ८ नोव्हेंबरच्या रात्री आमचा प्रयोग होता. आठ वाजता पात्रं रंगायला बसली आणि कुणीतरी मोबाईल घेऊन धावत आलं, की पाचशे-हजाराच्या नोटा बारा वाजता बंद. त्या रात्री आमचं नाटक असं चाललं की काय सांगू! घराघरातून लोक पाचशेची नोट घेऊन तिकिटाला आले. रांग थेट देवळापर्यंत. पहाटे मंडळाने ठरलेली पूर्ण रक्कम दिली, सगळीच्या सगळी बंद झालेल्या नोटांत. मंडळाचा तरी काय दोष, गल्ल्यात दुसरं काही नव्हतंच.

बँकेत भरल्या हो त्या. पण बाहेर किती येणार? आठवड्याला २४,००० ची मर्यादा, तीही बँकेत रोकड असली तर. आमच्या धंद्यात नाईट, म्हणजे एका प्रयोगाचे पैसे, रोजची रोज द्यावी लागते. नागपूर-मुंबईचा कलाकार पहाटे तोंड धुऊन हात पुढे करतो, त्याला चेक दाखवून चालत नाही. मंडळं तारखा रद्द करू लागली. काहींनी इसार परत मागितला. दिला होता जुन्या नोटांत, मागत होते नव्या!

आणि अशा वेळी समोरच्याने डाव साधला. नाव घेत नाही, वडशाला माहीत आहे. त्याने आमच्या ऑफिससमोरच गाळा घेऊन पाटी लावली होती, त्याबद्दल आमचं काही म्हणणं नाही. पण डिसेंबरमध्ये त्याने आमचा कॉमेडियन उचलला, दुप्पट नाईट देऊन, आणि तीही नव्या करकरीत नोटांत. त्या कुठून आल्या, हे वडसा आजही विचारतं. पाठोपाठ हिरॉईन गेली. मग आमचंच नाटक नाव बदलून उभं केलं. तोच बाप, तीच छाती, तीच उलटी टोपी. फरक एवढाच, की त्याच्याकडे बाप मेल्यावर उठून पुढच्या लावणीत ढोलकीच्या बाजूला उभा दिसायचा, कारण माणसं पुरत नव्हती.

आम्ही कंपनी बंद करायच्या बेतात होतो. तेव्हा गुरुजी आले. वैनगंगेपलीकडे, ब्रह्मपुरीच्या बाजूला त्यांचं गाव. मंडळाचे सचिव, शाळेतून निवृत्त झालेले, आमच्या पहिल्या बुकिंगपासूनचे. दारात दिसले तेव्हा वाटलं, हेही तारीख कापायला आले. त्यांनी आधी पाणी मागितलं. मग म्हणाले, "भाऊ, नोटा नसन त नसो, धान त आहे ना घरी."

त्या साली साध्या धानाचा हमीभाव क्विंटलला १४७० रुपये होता. गुरुजींनी कागदावर हिशेब मांडला. गावाने तिकिटाऐवजी धान आणायचं, देवळासमोर मापायचं, आम्ही ते राइस मिलवर द्यायचं. मिलवाला ओळखीचा होता, थोडी रोकड देऊ शकत होता, बाकीचा तांदूळ. कलाकारांची निम्मी नाईट तांदळात निघाली. नागपूरची नवी हिरॉईन तांदळाचं पोतं घेऊन एसटीत बसली आणि कंडक्टरशी त्याच्या तिकिटावरून भांडली, हे सगळ्या कंपनीने पाहिलं आहे.

कॉमेडियनचं काम प्रॉम्प्टरला दिलं. त्याला सगळ्यांचे सगळे संवाद पाठ, फक्त विंगेबाहेर कधी आला नव्हता. मास्तर त्याला म्हणाले, "माझ्या पायाकडे बघ, पाय थांबला की निघ." निघाला. टोपी उलटी घालायची विसरला, पण वेळ चुकला नाही. लोक लोळून हसले. त्या बाजूच्या बाकी गावांनीही मग धानाचा तोच हिशेब धरला आणि सिझन शेवटास गेला.

पुढची वर्षं बरी गेली. कोरोनात सगळ्यांचंच बसलं होतं, त्यात आमचं वेगळं सांगण्यासारखं काही नाही. डिसेंबर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने बैलांच्या शर्यतींना परवानगी दिली, शंकरपट पुन्हा भरू लागले, तशा पटाच्या रात्रीच्या तारखाही आल्या. जुना कॉमेडियन परत आला, त्यालाही घेतलं. फक्त पोस्टरवर फोटो लहान लावतो.

मंडळांना एक सांगणं आहे. बुकिंग फोनवर करू नका, ऑफिसात येऊन डायरीत सही करून जा, आणि इसार दिला की पावती मागा, आमच्याकडूनही मागा. समोरचा अजून पोस्टरवर 'मूळ विनोदी संच' असं छापतो. वकिलाला विचारलं, पण त्याची फी ऐकून तो नाद सोडला. तुम्हीच दोन्ही पोस्टरं शेजारी धरून बघा. ऑर्गनवाल्याचं नाव कुणाच्या पोस्टरवर आहे? आमच्या आहे, आणि कॉमेडियनच्या वर आहे.