अ‍ॅटलासची डेझी आणि आपला पावसाळा

ऐन जुलै, राजाराम बंधारा पाण्याखाली, नर्सरीत चिटपाखरू नाही. अशात एक निवृत्त सर पिशवीतून कुंडी घेऊन आले.

"मालक, जूनपासून थेंबभर पाणी घातलं नाही, पत्र्याखाली ठेवलंय, तरी कुजतंय. बघा की जरा."

कुंडीत अ‍ॅटलास डेझी! कोल्हापुरात ही मी पहिल्यांदाच बघत होतो. मुलीनं लंडनहून बी आणलेलं. मूळची मोरोक्कोच्या अ‍ॅटलास पर्वतातली. मधोमध शेपूसारख्या राखाडी पानांचा झुबका, चहूबाजूंनी फांद्या जमिनीला चिकटून पसरलेल्या, फक्त टोकं वर उचलून फुलणारी. पाकळी वरून पांढरी, खालून लाल. ऊन गेलं की फूल मिटतं, मग सगळं झाडच लालसर दिसतं. सरांनी मार्चमधले फोटो दाखवले. झकास फुललं होतं.

माती खरंच कोरडी होती. झुबका उचलला तर बुडखा काळा, बुळबुळीत. तिच्या डोंगरात हिवाळ्यात बर्फ आणि उन्हाळा कोरडा. आपल्याकडं गरमीच्या मागोमाग चार महिने हवाच ओली. लवदार पानांत दमटपणा अडकतो आणि कुज मानेपासून, म्हणजे खोड मुळाला जुळतं तिथून, लागते. पाणी बंद करून काय होणार?

मूळ मात्र जाडजूड, आतून शाबूत. ते कापलं तसे बाकावर बसलेले आमचे काका पुढं सरकले. त्यांची हयात काष्ठौषधींच्या दुकानात गेलेली. वास घेतला, नखाएवढा तुकडा दाताखाली धरला आणि लाळ आवरता आवरता म्हणाले, "अक्कलकारा हाय की ह्यो!"

बरोबरच होतं. दातदुखीवर दुकानात मिळणारा अक्कलकारा म्हणजे अ‍ॅनासायक्लस नावाच्या झाडाचंच मूळ, आणि ही बागेतली त्याचीच बुटकी जात. जिभेला झिणझिण्या आणतं ते मुळातलं पेलिटोरिन नावाचं द्रव्य. सरांनीही हात पुढं केला, पण कुजक्या झाडाचं त्यांना चाखू दिलं नाही. काकांना कोण अडवणार!

झाड वाचणार नाही, हे सरळ सांगितलं. बी राखलं होतं, ते नोव्हेंबरात पेरा म्हटलं. खोल कुंडी, निम्मी जांभ्याची खडी, शेणखत नको, मानेभोवती खडीचाच थर. मेपर्यंत बी धरून घ्यायचं आणि दरसाल नवं झाड करायचं. बंगल्यापुढं सिमेंटात दगड चिणून त्याला रॉक गार्डन म्हणणाऱ्यांना मी एवढं सांगत बसत नाही.

काकांचं डोकं मात्र बाजारभावात. "एकरभर लावलं तर?"

"काका, उसाला पाणी पाजणारं रान तुमचं. पहिल्याच पावसात सगळं कुजंल."