दोन पॉइंट तेहतीस

माझ्या बाबांचा वाढदिवस १ जूनला असतो. त्यांच्या वर्गातल्या निम्म्या पोरांचा १ जूनच, कारण आजोबा शाळेत नाव घालायला घेऊन गेले तेव्हा गुरुजींनी उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लावून बघितला, लागला, म्हणजे पोरगं सहाचं झालं, टाकली तारीख. हे सगळं मला आठवलं म्युनिकमध्ये. इथे पहिलीच्या आधी सरकारी तपासणी असते, तिथे बाईंनी लेकीला एका पायावर उड्या मारायला लावल्या, चित्र काढायला दिलं, कान-डोळे तपासले आणि झालं. वाचता येतं का हे कुणी विचारलंच नाही.

विचारलं असतं तरी येत नव्हतं म्हणा. किंडरगार्टनची तीन वर्षं चिखल, पाऊस आणि रबरी बूट यातच गेली. आई साताऱ्याहून फोनवर हैराण, "अगं दादाची पोरगी सीनियर केजीत आहे, बाराचा पाढा म्हणते, आणि हिला एबीसीडी पण नाही?"

पहिल्या दिवशी पोरांच्या हातात शुलट्यूट असते, म्हणजे पुठ्ठ्याचा रंगीत शंकू, पोराला दोन्ही हातांनी धरावा लागेल एवढा मोठा, आत पेन्सिली, चॉकलेटं, खेळणी. बरेच आईबाप घरीच बनवतात म्हणून मीपण रात्री बारापर्यंत फेविकॉल घेऊन बसले, तळाशी रद्दी कोंबली आणि हौसेने वर रव्याचे लाडू ठेवले. घरी येऊन उघडलं तर सगळा भुगा, खोडरबरापर्यंत तूप! पोरीने तोच भुगा चमच्याने खाल्ला.

मग महिन्याभरात शाळेची चिठ्ठी, गाडीने सोडू नका, मुलांना चालत येऊ द्या. मी आठवडाभर मागून झाडांच्या आडोशाने जायचे, एकदा सिग्नलला तिने वळून बघितलं आणि रस्त्यात मराठीत ओरडली, "आई, जा ना घरी!" खरं सांगायचं तर आम्हीपण साताऱ्यात चालतच जायचो, पाचसहा जणी मिळून, वाटेत चिंचा पाडत. आता भाची व्हॅनने जाते. त्यामुळे यातलं किती देशाचं आणि किती काळाचं हे मला अजून नीट सांगता येत नाही.

पण मला वाटत होतं की इथे टेन्शनच नाही, ते साफ चूक. लेक आता तिसरीत आहे. इथे १ म्हणजे सगळ्यात भारी आणि ६ म्हणजे सगळ्यात वाईट (आई पहिल्यांदा "एकच मार्क?" म्हणून रडायचीच बाकी होती). आणि बायर्नमध्ये, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे तिथे, चौथीत जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांची सरासरी काढतात, २.३३ किंवा त्याहून चांगली असेल तर थेट गिम्नासियम (युनिव्हर्सिटीकडे नेणारी शाळा), २.६६ पर्यंत रेआलशूल (मधली), नाहीतर मिटेलशूल (हाताच्या कामधंद्याकडे नेणारी). नंतर बदलायच्या वाटा आहेत, प्रवेशाची वेगळी परीक्षापण आहे, पण चौथीच्या पालकांचे चेहरे बघितले की आपल्याकडचे बारावीवाले बरे वाटतात. आपल्याकडे निदान दहावीपर्यंत सगळे एकाच बाकावर असतात ना.

हे आईला सांगितलं. बाराच्या पाढ्यावरून माझं डोकं खाणारी हीच बाई म्हणते, "दहा वर्षांच्या लेकराचं काय ठरवताय गं, खेळू द्या तिला."

मी हो म्हटलं. परवा आणलेली गणिताच्या सरावाची दोन जाड पुस्तकं कपाटात वरच्या खणात आहेत, साड्यांखाली.